घरात मुलांचं वाचन कसं सांभाळायचं: बडोद्यातल्या मराठी आईबाबांसाठी, पाळण्यापासून दहावीपर्यंत

आपल्याकडे बडोद्यात मराठी घरातलं मूल म्हणजे घरी मराठी, खाली सोसायटीत गुजराती, शाळेत इंग्रजी आणि टीव्हीवर हिंदी. बोलायला चारही येतात, मुद्दाम कोणी शिकवत नाही. वाचायची वेळ आली की मात्र आईबाबा गोंधळतात, कुठली लिपी आधी घ्यायची, इंग्लिश मीडियम आहे तर मराठीचं काय करायचं, शाळा शिकवतेच आहे तर घरी वेगळं काही करायची गरज आहे का, आणि हे सगळं ठरेपर्यंत मूल तिसरीत गेलेलं असतं. माझी थोरली आता दहावीला आहे आणि धाकटा चौथीत, त्यामुळे हे सगळे टप्पे घरात बघून झालेत, आणि बिल्डिंगमधल्या बऱ्याच जणी विचारतात म्हणून सगळं एका ठिकाणी लिहून काढते.

एक गोष्ट आत्ताच सांगते कारण पुढे प्रत्येक वयाला ती लागणार आहे. मुलाला वाचता यायला लागलं म्हणून तुम्ही वाचून दाखवणं बंद करू नका. बहुतेक घरांत इथेच घोळ होतो. पहिलीत अक्षरं जुळायला लागली की आपण म्हणतो, चला, आता तुझं तू वाच. आणि नेमकं तेव्हाच मुलाला जे स्वतः वाचता येतं ते एकदम बाळबोध असतं, दोन-तीन अक्षरी शब्दांची चार वाक्यं, पण कानांनी ऐकून त्याला राजा, राक्षस, समुद्रातली सफर असं सगळं समजत असतं. कानाची समज डोळ्यांच्या पुढे असते आणि ती पुढची बरीच वर्षं पुढेच राहते. आपण वाचून दाखवणं थांबवलं की चांगल्या गोष्टीही थांबतात आणि उरतं फक्त अडखळत वाचायचं काम. मग मूल म्हणतं मला वाचायला आवडत नाही, आणि त्याचं काय चुकलं?

आधी हाताशी काय काय लागेल

- रोजची ठरलेली पंधरा-वीस मिनिटं. वेळ कुठलीही चालेल, पण रोज तीच.
- मुलाचा हात पोचेल एवढ्या उंचीवर पुस्तकं ठेवायला एक खण किंवा साधी टोपली. काचेच्या कपाटात वर ठेवलेली पुस्तकं कोणी वाचत नाही.
- दहा-बारा पुस्तकं, बस. सुरुवातीला पन्नासचा सेट घेऊ नका.
- लायब्ररीचं कार्ड.
- एक पाटी किंवा छोटा व्हाइटबोर्ड, आणि जुन्या वह्यांचे कोरे कागद.
- घरातला एक तरी मोठा माणूस जो त्या वेळात फोन दुसऱ्या खोलीत ठेवेल.

१. जन्मापासून दोन वर्षं: फक्त आवाज आणि मांडी

ह्या वयात अक्षरांचा काही संबंध नाही. बाळाला तुमचा आवाज ऐकू आला पाहिजे आणि पुस्तक ही वस्तू ओळखीची झाली पाहिजे, एवढंच. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्येच सांगितलंय की अगदी तान्ह्या बाळापासून मोठ्याने वाचून दाखवा. जाड पुठ्ठ्याची पुस्तकं घ्या, बाळ ती तोंडात घालणार, चावणार, उलटी धरणार, घालू दे. चित्रावर बोट ठेवून घरातल्या भाषेत बोला, हे बघ माऊ, माऊ दूध पिते. पाच मिनिटांत बाळ उठून गेलं तर पुस्तक मिटा, ओढून परत बसवायचं नाही.

आजी-आजोबा घरात असतील तर हा टप्पा त्यांच्याकडे द्या. आजीला ओव्या, बडबडगीतं, पाळणे असं जे काही पाठ असेल ते सगळं ह्यातच येतं, पुस्तक हातात असलंच पाहिजे असं नाही.

२. दोन ते पाच: तेच तेच आणि परत तेच

ह्या वयात मूल एकच पुस्तक महिनाभर मागतं. आपल्याला वीट येतो, पण त्याला नाही. तेच पुस्तक परत परत ऐकूनच त्याला कळतं की पानावरच्या खुणा बदलत नाहीत, आई आज वाचो नाहीतर बाबा उद्या वाचो, शब्द तेच येतात. एक वाक्य अर्धवट सोडा आणि त्याला पुरं करू द्या. मधेच विचारा, आता काय होईल रे, हा असा का रडतोय? पण हो की नाही उत्तर येईल असे प्रश्न नकोत, आणि "हा रंग कुठला, किती फुगे आहेत सांग" अशी परीक्षाही नको.

दुसरी गोष्ट आवाजांचे खेळ. शब्दांच्या भेंड्या आपण लहानपणी खेळलोय, त्या गाडीत, स्वयंपाक करताना, कुठेही चालतात. शब्दाचं शेवटचं अक्षर पकडायचं आणि त्यावरून नवा शब्द सांगायचा, म्हणजे शब्द आवाजांच्या तुकड्यांचा बनलेला आहे हे मुलाला कागद न बघता कळतं, आणि पुढे वाचायला शिकताना सगळ्यात जास्त हेच कामाला येतं. आमच्याकडे धाकट्याने पाचव्या वर्षी शोध लावला की कमळ, बाभूळ, फळ असले ळ वाले शब्द टाकले की समोरचा अडकतो, कारण ळ ने सुरू होणारा शब्दच नाही! मग तो मुद्दाम ळ वाले शब्द शोधत बसायचा, डोसा खाताना, दात घासताना. असं मूल अक्षर ओळखायच्या आधीच अर्धं वाचायला शिकलेलं असतं. (ळ आला की ल घ्यायची सूट द्या, नाहीतर खेळ तिथेच संपतो.)

गुजराती शेजाऱ्यांबरोबर गुजराती जोडकणां (त्यांची बडबडगीतं) म्हणू दे, हिंदी गाणी म्हणू दे. भाषा मिसळल्या तरी काही बिघडत नाही, मूल आपोआप वेगळ्या करतं.

३. लिपी कुठली आधी?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. माझं उत्तर सरळ आहे, शाळा जी लिपी शिकवतेय तिला आधी पक्कं होऊ द्या आणि घरी मराठी कानाने चालू ठेवा. एकदम तीन लिप्यांची अक्षरं गिरवायला लावू नका.

मूल गुजराती मीडियमला असेल तर देवनागरी खूप लवकर येते कारण दोन्ही लिप्या बहिणी आहेत. ग, न, प, म, र, व, स ही अक्षरं डोक्यावरची रेघ काढली की जवळजवळ तीच. वेगळी दिसतात ती म्हणजे मुख्यतः अ, इ, क, ख, च, ज, झ, फ, ब. आणि गुजरातीत ए, ऐ हे अ वर मात्रा देऊन लिहितात, त्यामुळे देवनागरीतला ए मुलाला नवा वाटतो. एवढीच वेगळी अक्षरं एका कागदावर लिहून फ्रिजवर लावा, बाकीची मूल आपणहून ओळखतं.

इंग्लिश मीडियम असेल तर देवनागरी सहसा शाळेत हिंदीतून येते, आणि गुजरातमध्ये २०२३ च्या कायद्यानंतर पहिली ते आठवी सगळ्या शाळांना गुजराती शिकवणं सक्तीचं आहे, म्हणजे तीन लिप्या तशाही येणारच. असं मूल हिंदी वाचायला लागलं की लगेच मराठी पुस्तक हातात द्या. लिपी तीच, फक्त चार-पाच गोष्टी वेगळ्या आहेत.

त्यातली मोठी म्हणजे च, ज, झ चे दोन उच्चार. मराठी पुस्तकात दोन्हींना अक्षर एकच असतं, वेगळी खूण नसते, त्यामुळे ते नियमाने शिकवायच्या भानगडीत पडू नका. थोरली हिंदी शिकून आली आणि घरी गोष्टीच्या पुस्तकात "चमचा" आला, तिने तो हिंदीतल्यासारखा वाचला, थांबली, बोट तिथेच शब्दावर, परत एकदा पुटपुटली आणि मग आपला रोजचा घरातला चमचा म्हणाली आणि पुढे गेली. पुढच्या ओळीत "चमचे" होतं, तिथे शेवटचा च पुन्हा बदलतो, तेही तिने बरोबर वाचलं, कोणी सांगितलं नव्हतं. कारण शब्द कानात होता. जो शब्द मुलाने घरात कधी ऐकलाच नाही तो त्याला असा सुधारता येत नाही, आणि म्हणून मी मघापासून बोला आणि वाचून दाखवा म्हणतेय.

दुसरं म्हणजे ऱ्य. पुऱ्या, दऱ्या, सुऱ्या, हे अर्धं र हिंदीत येत नाही, तेव्हा एकदा दाखवून द्यावं लागतं. ळ ची भीती बडोद्यात नाही, गुजरातीत तो आहेच.

४. पाच ते आठ: अक्षरं जुळवायचे दिवस

इथे सगळ्यात जास्त धीर लागतो. इंग्रजीची २६ अक्षरं संपली की संपली असं वाटतं, देवनागरीत मात्र मुळाक्षरं आणि त्यांची बाराखडी धरली तरी चारशेच्या वर आकार होतात, जोडाक्षरं वेगळीच. म्हणून दुसरीतलं मूल जोडाक्षराला अडतंय ह्यात घाबरण्यासारखं काही नाही, तिसरीपर्यंत वेळ लागू शकतो.

कुठे अडतं ते माहीत असलं की आपला पारा चढत नाही. ऱ्हस्व इकार बघा, "किती" मध्ये वेलांटी क च्या आधी दिसते पण आवाज क च्या नंतर येतो, मूल डावीकडून वाचतंय तर त्याने काय करायचं? रफार त्याहून अवघड, "सूर्य" मध्ये र बोलायचा य च्या आधी आणि लिहिलाय य च्या डोक्यावर. अनुस्वार "आंबा" मध्ये म सारखा, "दंगा" मध्ये वेगळा, "चिंच" मध्ये आणखी वेगळा. ही तिन्ही ठिकाणं पाटीवर मोठी लिहून, रंगीत खडूने वेलांटी आणि रफार वेगळ्या रंगात काढून दाखवा, दोन-तीन संध्याकाळी खेळ म्हणून करा, सुटतं.

रोजच्या वाचनात असं करा:

रोज दोन पुस्तकं ठेवा, एक त्याने वाचायचं आणि एक तुम्ही. त्याचं पुस्तक सोपं असावं, एका पानावर पाच ठिकाणी अडलं तर ते पुस्तक अजून जड आहे, बाजूला ठेवा. तुमचं पुस्तक मात्र त्याच्या वयापेक्षा पुढचं असू द्या, लांबलचक, प्रकरणं असलेलं, रोज थोडं थोडं आणि रंगात आल्यावर थांबायचं.

तो वाचत असताना शब्द अडला की मनात पाच अंक मोजा. बहुतेक वेळा तेवढ्यात तो स्वतःच जुळवतो. नाही जुळला तर शब्द सांगून टाका आणि पुढे चला, दर शब्दाला "नीट बघ, नीट बघ" केलं की वाक्याचा धागा तुटतो आणि शेवटी त्याला अर्थच लागत नाही. "घरी" च्या जागी "घरात" वाचलं तर सोडून द्या. "मारलं" च्या जागी "तारलं" वाचलं तर वाक्य संपल्यावर विचारा, हे बरोबर वाटतंय का तुला? चित्र बघून शब्दाचा अंदाज ठोकायची सवय मात्र लागू देऊ नका, डोळे शब्दावर.

आणि पाठ असलेलं वाचायला द्या. गणपतीत प्रत्येक मराठी घरात आरतीसंग्रह बाहेर निघतो आणि आरत्या मुलांना तोंडपाठ असतात. टाळ वाजवून झाला की पुस्तक उघडून तीच आरती बोट फिरवत हळू म्हणायला लावा. आवाज आधीच माहीत आहे, फक्त तो कुठल्या अक्षरांत बसलाय ते शोधायचं. मोठमोठी संस्कृत जोडाक्षरंसुद्धा मुलं ह्या पद्धतीने ओळखायला लागतात, आणि वर्षानुवर्षं चुकीचा म्हटलेला शब्द सापडला की स्वतःच "अगं आई, हे तर वेगळंच लिहिलंय" करतात. दहा दिवस रोज संध्याकाळी हे होतं, त्यामुळे सरावही आपसूक होतो.

बाहेरही वाचन आहे. मंगळबाजारच्या पाट्या, बसवरची नावं, कमाटीबागेतल्या झू मधल्या प्राण्यांच्या पाट्या, चेवड्याच्या पाकिटावर काय काय घातलंय ते. गुजरातीतलं असेल तर गुजरातीत वाचू दे.

५. पुस्तकं कुठून आणायची

इथे बडोदेकरांचं नशीब चांगलं आहे. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, पण शाळा सोडल्यावर माणसं वाचणार काय हा प्रश्न त्यांना पडला होता. म्हणून १९१० मध्ये अमेरिकेतून विल्यम बॉर्डन नावाच्या ग्रंथपालांना बोलावून सार्वजनिक ग्रंथालयं उभी केली, आणि लाकडी पेट्यांत पुस्तकं भरून त्या गावोगाव फिरवल्या. मुलांसाठी श्री सयाजी बालज्ञानमाला अशी मराठी आणि गुजराती पुस्तकांची मालाही निघाली होती. मांडवी भागातली सेंट्रल लायब्ररी त्याच कामातून उभी राहिली आणि तिथे मराठी पुस्तकं आहेत.

मेंबर व्हायला जाताना सोबत ठेवा: तुमच्या आधारची झेरॉक्स आणि ओरिजिनल, पत्त्याचा पुरावा (भाड्याने असाल तर करार किंवा लाइट बिल), मुलाचे आणि तुमचे पासपोर्ट साइज फोटो, मुलाचं शाळेचं आयकार्ड, आणि डिपॉझिटसाठी रोख. फी आणि वेळा बदलत असतात, जायच्या आधी एकदा विचारून घ्या. मुलाला बरोबर न्या आणि पुस्तक त्यालाच निवडू द्या, त्याने उंदराचं पातळ पुस्तक उचललं आणि तुम्हाला शिवाजी महाराजांचं जाड हवं होतं तरी.

घरबसल्या हवं असेल तर प्रथम बुक्सची स्टोरीवीव्हर ही साइट फुकट आहे, मराठी, गुजराती, हिंदी, इंग्रजी सगळ्यात गोष्टी आहेत आणि पातळीप्रमाणे लावलेल्या आहेत. बऱ्याच गोष्टी एकापेक्षा जास्त भाषांत आहेत, म्हणजे मुलाने इंग्रजीत वाचलेली गोष्ट मराठीत उघडून दिली की अर्थ आधीच माहीत असतो आणि सगळं लक्ष अक्षरांकडे जातं. शक्यतो प्रिंट काढून द्या, स्क्रीनवर मूल दोन पानांत दुसरीकडे जातं. महाराष्ट्रात शाळेची पुस्तकं काढणाऱ्या बालभारतीची पुस्तकं त्यांच्या साइटवरून पीडीएफ मिळतात, पहिली-दुसरीची मराठीची पुस्तकं आपल्या मुलांना तिसरी-चौथीत चालतात. बालभारतीचंच "किशोर" मासिक १९७१ पासून निघतंय, त्याचे जुने अंकही ऑनलाइन वाचता येतात. नॅशनल बुक ट्रस्टची मुलांची पुस्तकं स्वस्त असतात. आणि मुंबई-पुण्याहून कोणी येणार असेल तर मिठाई नको, मुलांचा दिवाळी अंक आणा म्हणून सांगून ठेवा.

माझ्या मते ह्या सगळ्याहून चांगला उपाय म्हणजे महाराजांची पेटी आपल्या सोसायटीत परत आणणं. पाच-सहा मराठी घरं जमवा, प्रत्येकाने दहा पुस्तकं एका खोक्यात घालायची, खोक्यावर यादी चिकटवायची आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी खोकं पुढच्या घरी. पुस्तक फाटलं तर सेलोटेप लावून द्यायचं, भरपाई वगैरे मागायची नाही, एवढा एक नियम आधीच ठरवा नाहीतर तिसऱ्या महिन्यात रुसवेफुगवे सुरू होतात. आमच्याकडे दोन गुजराती घरंही आली, त्यांची मुलं आता मराठी गोष्टी ऐकतात आणि आमची गुजराती वाचतात. खोकं येणार त्या दिवशी मुलं जिन्यात वाट बघत बसतात, आणि मैत्रिणीने "हे वाच, भारी आहे" म्हटलं की त्या पुस्तकाला आईच्या शंभर वेळा सांगण्याहून जास्त वजन येतं.

६. आठ ते अकरा: इथे मुलं निसटतात

चौथीच्या आसपास शाळेची पुस्तकं बदलतात. आतापर्यंत मूल वाचायला शिकत होतं, आता वाचून शिकायचं असतं, इतिहास, भूगोल, विज्ञान, आणि प्रत्येक पानावर न ऐकलेले शब्द. ज्यांच्या कानावर गोष्टी पडत राहिल्या त्यांना हे शब्द अर्धे तरी ओळखीचे असतात. ज्यांच्या पडल्या नाहीत त्यांना अक्षरं वाचता येतात पण पान संपल्यावर काय वाचलं ते सांगता येत नाही. तुमचं मूल धडाधड वाचतंय आणि समजलं नाही म्हणतंय तर त्याला अजून वाचायला लावू नका, त्याच्याशी त्या विषयावर बोला. नर्मदेचा धडा असेल तर चाणोदला जाऊन या, नकाशा उघडा, मग धडा.

निवड त्याची. क्रिकेटचं, डायनोसोरचं, कॉमिक, विनोद, कोडी, काहीही. कॉमिक म्हणजे वाचन नाही असं म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. एकाच पात्राची दहा पुस्तकं वाचत असेल तर वाचू दे, सारखी तीच माणसं आणि तेच शब्द भेटल्याने त्याचा वेग वाढतो.

तुमचं वाचून दाखवणं चालूच. आता पानं वाटून घेता येतात, एक पान तू एक पान मी, संवाद असतील तर पात्रं वाटून घ्या. आमच्याकडे रात्री जेवल्यावर ओट्याची आवराआवर मी करते आणि धाकटा स्टूलवर बसून मला वाचून दाखवतो, कारण आईचे हात ओले आहेत आणि तिला पुढे काय झालं ते कळायचंय. त्याला ते खरं काम वाटतं.

आणखी एक: रेसिपी, खेळाचे नियम, नवीन मिक्सरचं माहितीपत्रक, लग्नपत्रिका, हे सगळं त्याच्याकडून वाचून घ्या. लग्नपत्रिका तर फार छान, नाती, गावं, तिथ्या, सगळं एका कागदावर.

७. अकराच्या पुढे: दार लोटलेलं असू द्या

मोठ्या मुलांना वाच म्हणून सांगून काही होत नाही. ह्या वयात त्यांना खाजगी जागा लागते, त्यामुळे काय वाचतेस, किती पानं झाली हे विचारू नका. पुस्तक डायनिंग टेबलवर पडलेलं असू दे, तुम्ही स्वतः वाचताना दिसा, आणि गाडीत, प्रवासात गोष्टी ऐकायला लावा, मोठी मुलं ऐकतात, फक्त कबूल करत नाहीत. पेपरातली एखादी बातमी "हे बघ काय छापलंय" म्हणून मोठ्याने वाचा, त्यावर वाद झाला तर उत्तम.

एकच पुस्तक दोघांनी वाचायचं, आपापल्या वेळी, आणि मग बोलायचं, हे मुलींबरोबर आणि मुलग्यांबरोबर दोन्हीकडे चालतं. आणि नववी-दहावीत क्लास, ट्यूशन सुरू झाले की वाचनाचा वेळ सगळ्यात आधी कापला जातो, तिथे झोपायच्या आधीची पंधरा मिनिटं तरी फोन हॉलमध्ये चार्जिंगला आणि हातात पुस्तक, एवढं धरून ठेवा.

८. नेहमी होणारे घोळ

"घरी इंग्रजीच बोला, म्हणजे इंग्लिश सुधारेल." हे आम्हाला एका शाळेत पेरेंट्स मीटिंगला ऐकवलं होतं. ऐकू नका. घरी तुम्हाला जी भाषा भरभरून येते त्या भाषेत बोललात तरच मुलाला भरपूर शब्द, कारणं, गोष्टी मिळतात, आणि एका भाषेत आलेली समज दुसरीत जाते. तोडक्यामोडक्या इंग्रजीत "कम, इट, स्लीप" करून कुठलीच भाषा वाढत नाही.

वाचन ही शिक्षा करू नका. "टीव्ही बंद, जा पुस्तक वाच" म्हटलं की पुस्तक टीव्हीच्या विरुद्ध पार्टीत गेलं. तसंच एक पुस्तक वाचलं की शंभर रुपये, हेही नको, पैसे थांबले की वाचन थांबतं. बक्षीस द्यायचंच तर पुढचं पुस्तक द्या.

पाहुण्यांसमोर वाचून दाखवायला लावू नका. भावंडांची तुलना तर नकोच नको, धाकटी लवकर वाचायला लागली की थोरला पुस्तकच सोडतो.

प्रत्येक गोष्टीनंतर "तात्पर्य काय?" विचारू नका. गोष्ट आवडली एवढं पुरे.

आणि बाबा लोकांना खास विनंती, हे आईचं खातं समजू नका. मुलग्यांना वाचणारा पुरुष घरात दिसला पाहिजे.

९. खरंच अडतंय असं वाटलं तर

आधी डोळे तपासा. बोर्डवरचं दिसत नाही, पुस्तक नाकाला लावतो, एका डोळ्यावर हात ठेवतो, डोकं दुखतं म्हणतो, तर चष्म्याचा नंबर असू शकतो. मग कान, वारंवार सर्दी होऊन कान गच्च होणाऱ्या मुलांना आवाजातला फरक नीट कळत नाही.

दोन्ही ठीक असतील आणि तरी दुसरी-तिसरीपर्यंत मूल ओळखीची अक्षरं परत परत विसरत असेल, भेंड्यांत शेवटचा आवाज पकडता येत नसेल, तोंडी उत्तरं छान देत असेल पण वाचायला-लिहायला दिलं की घामाघूम होत असेल, तर डिस्लेक्सियाची, म्हणजे वाचायला-लिहायला शिकण्यातल्या मुळातल्या अडचणीची, शंका घ्यायला हवी. हा आळस नाही, बुद्धी कमी असणं तर अजिबात नाही. शाळेच्या काउन्सेलरशी किंवा मुलांच्या डॉक्टरांशी बोला, ते मानसशास्त्रीय तपासणीला पाठवतात. मराठी-गुजराती-इंग्रजी तिन्हीत अडतंय का फक्त नवीन लिपीत, हे डॉक्टरांना नक्की सांगा, कारण फक्त नव्या लिपीत अडणारं मूल बहुतेक वेळा नुसतं नवखं असतं.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाचन-लेखनाच्या अशा अडचणीही धरल्या आहेत आणि सर्टिफिकेट साधारण आठव्या वर्षानंतर मिळतं. मोठं झाल्यावर ते पुन्हा करून घ्यावं लागतं. बोर्डाच्या परीक्षेत जास्त वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात पण अर्ज शाळेमार्फत जातो, त्यामुळे दहावीच्या डिसेंबरात धावपळ करण्यापेक्षा नववीच्या सुरुवातीलाच ऑफिसात विचारा. एक फाइल आजपासून करा आणि तिच्यात ठेवत जा: जन्मदाखला, आधार, फोटो, डोळे आणि कानाचे रिपोर्ट, प्रत्येक वर्षाचं प्रगतीपुस्तक, मुलाच्या वहीतली दोन-चार पानं तारखेसकट (सुधारून लिहिलेली नकोत, जशी आहेत तशी), आणि टीचरने काही लिहून दिलं असेल तर तो कागद. ओरिजिनल घरी, तपासणीला जाताना झेरॉक्सचे दोन सेट.